वही भरली, बोर्ड कुठंय?

मागच्या अंकात टेपरेकॉर्डरच्या हेडबद्दल लिहिताना मी सहज एक ओळ टाकली होती. स्पेक्ट्रम संगणकाची कॅसेट लोड होईना झाली की हेडचा छोटा स्क्रू फिरवत आवाज खणखणीत होईपर्यंत कानानं लावावा लागायचा, एवढंच लिहिलं होतं. त्या ओळीवर अकरा पत्रं आली. त्यामुळे गिझर आणि इन्व्हर्टरवाल्यांनी या महिन्यात जरा दम धरावा. बोर्डाला पाणी लागलेल्या मिक्सरवाल्या काकूंना मी फोनवर उत्तर दिलंय.

ज्यांनी स्पेक्ट्रम पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चनं २३ एप्रिल १९८२ला जाहीर केलेला हा घरगुती संगणक. रबरी बटणं, टीव्हीला जोडायचा, मेंदू झेड-८०, वेग साडेतीन मेगाहर्ट्झ. ४८के मेमरीचा १७५ पौंडांना मिळायचा. प्रोग्रॅम साध्या ऑडिओ कॅसेटवर. आपल्याकडे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ नावानं तो विकायची. आता पत्रं.

ताई, नमस्कार. वय ५३, चिंचवडला सीएनसी मशिनच्या मेंटेनन्समध्ये आहे. १९८८ साली बाबांनी पीएफमधून पैसे काढून आम्हा दोघा भावांना डीबी स्पेक्ट्रम घेऊन दिला होता. आता डोक्यात एकच खूळ आहे, त्याचा आजच्या काळातला वारस स्वतः बनवायचा. खरा झेड-८०, पण २० मेगाहर्ट्झचा. ५१२के मेमरी, एचडीएमआय, वायफाय, एसडी कार्ड. रंग एकमेकांत मिसळायची जुनी भानगड नको, पण जुने गेम चालले पाहिजेत. दोन वर्षांत वहीची ४१ पानं भरली. बायको म्हणते, वही भरली, बोर्ड कुठंय? सुरुवात कुठून करू? झेड-८० घेऊ की एफपीजीए?
*– चिंचवडचे एक वाचक*

वहिनींना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या चार शब्दांच्या प्रश्नाला मला दोन पानं लागणार आहेत.

आधी कबुली देते. माझ्याकडेही अशी एक वही आहे, १९९१ची, दोनशे पानी. मशिनला नावसुद्धा ठेवलं होतं. अनुभवानं सांगते, मशिनचं बारसं आधी झालं की बाळंतपण लांबतं.

तुमची यादी दोनदा वाचली. चिपा आहेत, मेगाहर्ट्झ आहेत, कनेक्टर आहेत. मशीन तयार झाल्यावर पहिल्या संध्याकाळी तुम्ही त्यावर काय टाइप करणार, हे मात्र कुठंच नाही. तुम्ही मेंटेनन्सवाले आहात. एखाद्यानं येऊन सांगितलं, ‘मला एक लेथ बनवायचा आहे, स्पिंडल अमुक, मोटर तमुक’, तर तुमचा पहिला प्रश्न असेल की जॉब कोणता काढायचाय. इथंही तेच. वहीचं बेचाळिसावं पान त्यासाठी ठेवा, आणि ते भरल्याशिवाय त्रेचाळिसावं उघडू नका.

आता ती रंगांची भानगड. तिच्यावर जरा रेंगाळणार आहे, कारण वारस काढायला निघालेला प्रत्येक जण पहिला हात तिलाच घालतो.

स्पेक्ट्रमच्या पडद्यावर आडवे २५६ आणि उभे १९२ ठिपके. ठिपका पेटलेला की विझलेला एवढंच लिहायला ६,१४४ बाइट लागतात. रंग ठिपक्याला मिळत नाही, आठ बाय आठच्या घराला मिळतो. अशी ७६८ घरं, घराला एक बाइट, म्हणजे आणखी ७६८. सगळा पडदा ६,९१२ बाइटांत बसला. आता एका घरात दोनच रंग राहू शकतात, म्हणून हिरवा माणूस लाल भिंतीजवळून गेला की भिंतीचा तुकडा हिरवा व्हायचा. कॅसेटवरून चित्र उतरताना तुम्हाला हे दिसलंच असेल. आधी बिनरंगी चित्र पट्ट्यापट्ट्यांनी, वरचा तिसरा हिस्सा, मधला, मग खालचा असं यायचं. आणि अगदी शेवटच्या चार सेकंदांत सगळे रंग वरून खाली सरसर उतरायचे. त्या चार सेकंदांसाठी आमच्या दुकानात गिऱ्हाइकं थांबायची.

ही काटकसर होती आणि तिला हिशेब होता. साडेतीन मेगाहर्ट्झचा झेड-८० तेवढंच ओझं दर क्षणी हलवू शकत होता. ब्रिटनमध्येच काहींनी १९८९च्या शेवटी याच स्पेक्ट्रमचा वारस काढला. नाव सॅम कूपे, कंपनी वेल्समधल्या स्वान्सीची, माइल्स गॉर्डन टेक्नॉलॉजी. झेड-८०ला ६ मेगाहर्ट्झचं घड्याळ दिलं आणि तुमच्यासारखीच रंगांची भानगड मिटवली. प्रत्येक ठिपक्याला १६पैकी स्वतःचा रंग! ऐकायला झकास. पण पडदा आता २४,५७६ बाइटांचा झाला. ओझं साडेतीनपट, बैल पावणेदोनपट. रंगीत पडदा भराभर हलवायचा म्हटलं की मशीन धापा टाकायचं. बऱ्याच गेमवाल्यांनी जुने स्पेक्ट्रमचेच गेम थोडे रंगवून दिले, आणि १९९०मध्ये कंपनीवर रिसीव्हर, म्हणजे दिवाळखोरीतले कारभारी, बसले. कंपनी बुडायला बाजाराचीही कारणं होती. लोक तोवर अमिगा आणि अटारी एसटी या संगणकांकडं गेले होते. पण तो साडेतीनपटीचा हिशेब तुमच्या वहीत कुठं आहे ते मला दाखवा.

‘जुने गेम चालले पाहिजेत’ ही अट तर २० मेगाहर्ट्झशी सरळ भांडते. ४८के स्पेक्ट्रममध्ये टीव्हीची एक फ्रेम म्हणजे झेड-८०च्या घड्याळाचे ६९,८८८ ठोके. खालच्या १६केमधून पडद्याची चिप, म्हणजे यूएलए, चित्र वाचत असताना प्रोसेसरनं तिथं हात घातला तर ती त्याला थांबवून ठेवायची. हुशार पोरांनी हे थांबणंसुद्धा मोजून प्रोग्रॅम लिहिलेत. पडद्याच्या कडेच्या रंगीत पट्ट्या, आवाजाच्या करामती, सगळं त्या ठोक्यांवर. तुमच्या २० मेगाहर्ट्झच्या मशिनवर तो गेम सुरू झाला तर नायक दार उघडायच्या आत मेलेला असेल. म्हणजे जुना वेग जुन्या अडथळ्यांसकट ठेवायचा आणि नवा वेग बाजूला वेगळा द्यायचा. हे साध्या सुट्या चिपांनी जमतं, पण बोर्ड जेवणाच्या ताटाएवढा होतो.

म्हणून झेड-८० की एफपीजीए. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एफपीजीए म्हणजे आतली जोडणी आपण लिहून ठरवायची अशी कोरी चिप. आज तिला यूएलए सांगा, उद्या झेड-८०.

स्पेक्ट्रमचा आजवरचा सगळ्यात पुरा वारस, स्पेक्ट्रम नेक्स्ट, हा एफपीजीएवरच आहे. त्यात सुटा झेड-८० नाहीच. एफपीजीएतलाच झेड-८० साडेतीन, ७, १४ आणि २८ मेगाहर्ट्झवर धावतो, त्याला काही नव्या सूचनाही दिल्यात. मजा म्हणजे त्यांनी आठ बाय आठची जुनी घरं काढून टाकली नाहीत. ती तशीच ठेवून २५६ रंगांचा वेगळा थर आणि हलती चित्रं वर चढवली. घर पाडलं नाही, वर मजला चढवला.

दुसरा रस्ता पाहायचा तर अमेरिकेतल्या डेव्हिड मरे यांचा कमांडर एक्स-१६ पाहा. तो स्पेक्ट्रमच्याच काळातल्या कमोडोर संगणकांच्या घराण्यातला वारस. त्यांचं स्वप्न तुमच्यासारखंच, सगळं खऱ्या चिपांचं, बाजारात आजही नव्या मिळणाऱ्या, आणि किंमत ५० डॉलरच्या आसपास. प्रोसेसर मिळाला, कारण ६५सी०२ आजही बनतो. यामाहाची आवाजाची चिप जुन्या साठ्यातली मिळाली. अडलं चित्रापाशी! टीव्हीला चित्र देणारी जुनी चिप आज कोणी बनवत नाही. शेवटी तिथं एफपीजीए घ्यावाच लागला, आणि ५० डॉलरचं स्वप्न काही शे डॉलरवर गेलं. माझ्या मते हा पराभव नाही. कुठं हट्ट धरायचा आणि कुठं सोडायचा हे त्यांनी काम करताना ठरवलं, एवढंच.

झेड-८०बद्दल एक बातमी तुम्हाला ठाऊक असेल. १९७६ला जन्मलेल्या या चिपचं मूळ रूप बंद करत असल्याचं झायलॉगनं एप्रिल २०२४मध्ये कळवलं आणि जूनपर्यंत शेवटच्या ऑर्डरी घेतल्या. साठा अजून फिरतोय, पण त्याच्याबरोबर बनावट मालही. मी ऑनलाइन पाच मागवल्या, वर झोकात ‘२० मेगाहर्ट्झ, सीमॉस’ छापलेलं. तीन निघाल्या जुन्या एनमॉस, घासून वर नवं नाव छापलेल्या. (एनमॉस ही चिप बनवायची जुनी पद्धत, सीमॉस नवी.) ओळखायची युक्ती सांगते. झेड-८०ला कागदोपत्री नसलेली एक सूचना आहे, ईडी ७१. ती दिली की जुनी एनमॉस चिप पोर्टवर शून्य पाठवते आणि सीमॉस चिप २५५. पोर्टावर आठ दिवे लावा. सगळे पेटले तर माल सीमॉस, सगळे विझलेले राहिले तर दुकानदाराला फोन लावा. दुकानात उभं असाल तर ॲसिटोनचा बोळा पुरतो, नकली छपाई त्यानं पुसली जाते, पण दुकानदार बोळा काढू देत नाहीत.

आता सुरुवात. या शनिवारी एवढंच करा. ब्रेडबोर्डवर एक सीमॉस झेड-८० बसवा. डेटाच्या आठही तारा रेझिस्टरनं जमिनीला खेचा, म्हणजे चिप काहीही वाचायला गेली तरी तिला शून्य दिसेल. शून्य म्हणजे तिच्या भाषेत ‘काही करू नकोस, पुढं चल’. वेट, इंटरप्ट, एनएमआय आणि बसरिक्वेस्ट या पिना पाच व्होल्टला बांधा. ५५५ टायमरनं १०० किलोहर्ट्झचं घड्याळ द्या. सीमॉसच हवी, एनमॉसला घड्याळ फार हळू केलेलं चालत नाही. पत्त्याच्या सर्वात वरच्या तारेवर, ए-१५वर, एक एलईडी लावा. रीसेट सोडलं की दिवा साधारण सव्वा सेकंद बंद, सव्वा सेकंद चालू, असा श्वास घ्यायला लागेल. ६५,५३६ पत्ते एकामागून एक मोजत चिप चाललेली असते. दिवा अर्ध्या जिवाचा वाटला तर घाबरू नका. प्रत्येक सूचनेच्या उत्तरार्धात झेड-८० त्याच तारांवर मेमरी ताजी ठेवायचा पत्ता टाकतो, तेवढा वेळ दिवा विझतो.

तो दिवा लागला की वहिनींना बोलवा. बोर्ड म्हणता येणार नाही, पण वहीतून काहीतरी बाहेर पडलं एवढं त्यांना दिसेल.

त्यानंतर लगेच स्पेक्ट्रमचा वारस नको, नक्कल करा. ख्रिस स्मिथ नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं फेरांटीनं बनवलेली यूएलए चिप आत काय करते हे उकलून त्यावर पुस्तक लिहिलं, आणि साध्या ७४ मालिकेच्या चिपांनी तिचं काम करणारा ‘हार्लेक्विन’ नावाचा बोर्ड केला. त्याची किटं मिळतात. तो एकदा हातानं जुळवा. पुष्कळ सोल्डरिंग आहे, दोन महिने जातील. पण त्यातून उठाल तेव्हा ४१ पानांतली निदान २५ तुम्ही स्वतःच खोडलेली असतील. वायफाय तर पहिल्याच आठवड्यात जाईल, पैज लावते.

आणि एक. वारसाची यादी ठरली की तिला कुलूप घाला. तुमच्या लहानपणी चिंचवडच्या तुमच्या मशिनवर लिहिलेला प्रोग्रॅम नागपूरच्या कुणाच्याही मशिनवर जसाच्या तसा चालायचा, कारण दोन्ही मशिनं हुबेहूब सारखी. दर सहा महिन्यांनी मेमरी वाढवत बसलात तर तुमच्या मशिनसाठी लिहिणारा दुसरा माणूस कधी मिळणार नाही, आणि तो नसेल तर ते मशीन म्हणजे फक्त तुमच्या टेबलावरचा दिवा.

मॅडम, मी रत्नागिरीला इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रास्पबेरी पायवर एम्युलेटर टाकला की स्पेक्ट्रम चालतो. मग एफपीजीएचा खटाटोप कशाला? आणि एफपीजीए तरी ‘खरा’ कुठं आहे?
*– एक विद्यार्थी*

गेमच खेळायचे असतील तर खटाटोप नको, तो छोटा रास्पबेरी पाय संगणकच घे. नोव्हेंबर २०२४मध्ये रेट्रो गेम्स या कंपनीनं रबरी बटणांसकट ‘द स्पेक्ट्रम’ बाजारात आणला, त्याच्या आतही एम्युलेटरच आहे आणि लोक खूश आहेत.

फरक असा. एम्युलेटरमध्ये एक वेगवान प्रोसेसर एकामागून एक सोंगं घेतो, आता झेड-८०, आता यूएलए, आता स्पीकर, आणि फ्रेम संपायच्या आत सगळं आवरतो. बहुरूप्यासारखं. एफपीजीएत ती सगळी पात्रं एकाच वेळी रंगमंचावर उभी असतात आणि एकाच घड्याळावर हलतात. खरेपणाच्या वादात मी पडत नाही. पण तू तिसऱ्या वर्षाला आहेस, व्हेरिलॉगमध्ये, म्हणजे चिपची जोडणी लिहायच्या भाषेत, एक यूएलए लिहून बघ. पडद्याच्या ओळी मेमरीत सरळ क्रमानं नसतात, पहिल्या ओळीनंतर मेमरीत येते ती नववी. हे तुला वर्गातल्या नोट्समध्ये सापडणार नाही. का तसं केलं असेल याचा आठवडाभर विचार कर आणि मला लिही. (इशारा: वरचा बाइट एकानं वाढवला की अक्षराची खालची ओळ मिळते.)

ताई, माझ्या यजमानांचा जुना डीबी स्पेक्ट्रम डोंबिवलीच्या घरी माळ्यावर आहे. ते आता नाहीत. मुलगा म्हणतो, लावून बघू. लावू का? कॅसेटींचा एक डबाही आहे.
*– डोंबिवलीच्या एक वाचक*

लगेच लावू नका, ताई. मुलालाही सांगा, घरात पडलेला कुठलाही अ‍ॅडॉप्टर खुपसू नकोस. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट लागतात, पण त्याच्या प्लगात मधली पिन ऋण असते आणि बाहेरची धन. आजचे बहुतेक अ‍ॅडॉप्टर उलटे. मूळ अ‍ॅडॉप्टर सापडला तरी आधी मल्टिमीटरनं तपासा.

४८के जातीच्या मशिनींत पहिल्या १६केसाठी आठ ४११६ मेमरी चिपा असतात. त्या फार नाजूक. त्यांना तीन वेगवेगळे दाब लागतात, अधिक पाच, अधिक बारा आणि वजा पाच, आणि त्यातले बारा आणि वजा पाच आतलं एक छोटं कॉइल आणि टीआर-४ नावाचा ट्रान्झिस्टर मिळून बनवतात. तो गेला आणि वजा पाच आलंच नाही, तर बारा व्होल्ट त्या चिपांना भाजून काढतात. तेव्हा जवळच्या रिपेअरवाल्याकडून आधी कोरडे कपॅसिटर बदलून घ्या आणि मगच करंट द्या. झाकण उघडताना किबोर्डच्या दोन पातळ पट्ट्या बोर्डात खोचलेल्या दिसतील. ओढू नका. इतक्या वर्षांनी त्या पापडासारख्या होतात, आवाज येतो आणि तुटतात. मी स्वतः दोन तोडल्यात. आणि मागच्या मोठ्या खाचेत मशीन चालू असताना काहीही खोचायचं किंवा काढायचं नाही. माझ्या हातून एकदा तसं झालं होतं, तेही गिऱ्हाइकाच्या मशिनवर, गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना.

कॅसेटी फेकू नका. चांगल्या डेकवर एकदाच वाजवून त्यांचा आवाज मुलाच्या लॅपटॉपवर रेकॉर्ड करा, बिनदाबलेल्या फाइलमध्ये. पुढं मशीन सुरू झालं तर तोच आवाज मोबाइलमधून मशिनच्या ‘इअर’ लिहिलेल्या सॉकेटात सोडता येतो, आवाज पूर्ण वर करून. गेम छापील असतील ते कुठंही मिळतील. हातानं नाव लिहिलेल्या कॅसेटी आधी करा. तुमच्या यजमानांनी टाइप केलेलं काही असेल तर ते जगात दुसरीकडे कुठंही नाही.

आम्ही चौघं मित्र, दोघं पुण्यात, दोघं इंग्लंडात. स्पेक्ट्रमसारख्या मशिनचं किट केलंय, तीन नमुने चालतात. लोकांकडून आगाऊ पैसे घेऊन २०० काढावेत का? नावात ‘स्पेक्ट्रम’ घेतलं तर चालेल?
*– चौघांतर्फे एक*

नावाचं आधी. नको. सिंक्लेअरचा संगणकाचा धंदा १९८६ साली ॲमस्ट्रॅडनं ५० लाख पौंडांना घेतला, ॲमस्ट्रॅड २००७मध्ये स्कायकडं गेली. नाव त्यांच्या घरचं. आतल्या रॉमवरचा, म्हणजे चिपमधल्या कायमच्या प्रोग्रॅमवरचा, हक्कही तसाच मालकीचा. ॲमस्ट्रॅडनं १९९९मध्ये एम्युलेटरवाल्यांना रॉम वाटायला मोकळीक दिली होती, पण विकायच्या किटात घालण्याआधी वकिलाला विचारा.

पैशांचं. एकाच घराण्यातली दोन उदाहरणं सांगते. स्पेक्ट्रम नेक्स्टनं एप्रिल २०१७मध्ये अडीच लाख पौंड मागितले, ३,११३ लोकांनी सव्वासात लाखांच्या आसपास दिले. बोर्ड चालत होता, करणारी माणसं नावाजलेली होती. मूळ १९८२च्या स्पेक्ट्रमचं रूप घडवणारे रिक डिकिन्सन यांनीच याचंही खोकं आखलं, ते एप्रिल २०१८मध्ये गेले. वायदा जानेवारी २०१८चा होता. खोक्यासह मशिनं लोकांच्या हाती पडली २०२०च्या सुरुवातीला. दोन वर्षं चिपांनी खाल्ली नाहीत, खोकं आणि किबोर्ड यांनी खाल्ली. लोक चिडले, पण मशीन आलं आणि चांगलं आलं, म्हणून त्याच वर्षी दुसऱ्या फेरीत १८ लाखांहून जास्त पौंड जमले. दुसरं उदाहरण वेगा प्लस या हातात धरायच्या स्पेक्ट्रमचं. २०१६मध्ये पाच लाखांहून जास्त पौंड गोळा झाले, वायदे हुकत गेले, बहुतेकांना काहीच मिळालं नाही आणि कंपनी २०१९मध्ये गुंडाळली गेली.

तेव्हा तुमच्या तीन नमुन्यांना मी अर्धं काम म्हणेन. किबोर्डाचा साचा कोण पाडणार, रबर कोण ओतणार, २०० खोक्यांतली वाकडी किती निघतील, हे चिंचवडच्या वरच्या वाचकांना विचारलंत तर ते मला सांगता येणार नाही इतकं सांगतील. माझा सल्ला, २०० नको. वीस काढा, स्वतःच्या पैशानं, खोक्याशिवाय, साधा पीएस/२ किबोर्ड लावायची सोय ठेवून. विसावं किट विकलं गेल्यावर एकविसावा माणूस पैसे घेऊन दारात उभा असेल तर मग पाहू.

ताई, तुम्ही आयटीआयला शिकवायच्या तेव्हा तुमच्या मशिनबद्दल वर्गात सांगायच्या. ते झालं का पुरं?
*– तुमचा १९९४च्या बॅचचा विद्यार्थी, मिरज*

तुला आठवतंय!

नाही झालं रे. पण का सुरू केलं ते तेव्हा वर्गात सांगितलं नव्हतं, ते आता सांगते.

गणपती पेठेतल्या आमच्या दुकानात एकानं स्पेक्ट्रम दुरुस्तीला टाकला आणि तीन महिने न्यायलाच आला नाही. दुरुस्त होऊन पडला होता, मग रात्री मी तो टीव्हीला लावायची. त्यात स्वतःची २१ चिन्हं बनवायची सोय होती, ए पासून यू पर्यंत. आलेखाच्या कागदावर आठ बाय आठचं घर आखायचं आणि एकेक ओळ शून्य-एकमध्ये टाइप करायची. मी मराठी अक्षरं काढायला बसले. पहिली ओळ सगळी एक, ती शिरोरेघ. घरं एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे शब्द लिहिला की शिरोरेघ आपोआप जुळायची. ‘मगर’ हा शब्द पडद्यावर आला तेव्हा मी आईला झोपेतून उठवलं होतं.

मग ‘मी’ लिहायला गेले आणि अडले. वेलांटीला शिरोरेघेच्या वर जागाच नव्हती. शिरोरेघ दोन ओळी खाली सरकवली तर अक्षराला पाचच ओळी उरल्या, त्यात ‘म’ आणि ‘भ’ ओळखू येईनात. उकाराला खाली जागा नाही ते वेगळंच. संपूर्ण अक्षरसंच बदलायची युक्तीही सापडली, त्यात २१ऐवजी ९६ चिन्हं मिळत, पण घर आठचंच. म्हणून वही घेतली. माझ्या वारसाला वेग नको होता, रंग नको होते, फक्त सोळा ओळींचं अक्षर हवं होतं आणि चालू केल्याबरोबर पडद्यावर मराठी. बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी जाऊन झेड-८०, दोन ६२६४ मेमरी आणि एक ईप्रॉम आणला. अर्धी वायरिंग झाली होती. तेवढ्यात एका छापखान्यात काम निघालं आणि तिथं पीसीत सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवलेलं पाहिलं. बाई टाइप करत होती आणि वेलांट्या, उकार, जोडाक्षरं, सगळं पडद्यावर येत होतं. मी छापखान्यातलं काम संपवलं, पैसे घेतले आणि घरी आले. त्या रात्री सोल्डरिंग आयर्न लावलं नाही. नंतरही नाही.

बोर्ड बाटाच्या खोक्यात आहे. कधीतरी बघायचा असेल तर ये, चहा घेऊन जा. वहीतली अक्षरं मात्र सगळी पुरी झाली होती, अगदी ‘ळ’ सुद्धा. तो मी चार वेळा खोडून काढलाय.